थाप

मानेवाडा चौकात, सायकलच्या दुकानावर,
जिथे आधी ट्यूशन क्लास होता
आणि भिंतीवर अजून पुसटसा काटकोन त्रिकोण आहे,
तिथे मी पहिल्यांदा मेले.
चौतिसाव्या वर्षी, एका मंगळवारी, साडेसहाला.

मारणारी पायल उईके. वय एकोणीस,
माझ्याहून बारा किलो हलकी.
मी दिवसभर पॅथॉलॉजीत लोकांच्या शिरा शोधते,
मानेतल्या दोन धमन्या मला पाठ होत्या.
त्या माझ्याही मानेत आहेत
हे मात्र तेव्हाच कळलं.

"ताई, थाप माराची न," ती म्हणाली,
"काहून थांबून राहिल्या?"

आमच्या घरी थाप मारणं म्हणजे खोटं बोलणं.
मी पुष्कळ मारल्या आहेत:
दुखत नाही. जमतं मला. जेवूनच आले.
इथे एकच थाप चालते, खरी.
उघड्या तळव्याने, दोनदा,
समोरच्याच्या अंगावर किंवा चटईवर.
ती शिकायला मला दीड वर्ष लागलं.

पहिली वर्षं सगळी खालीच गेली.
पाठीवर पडून कंबर मागे ढकलत सरकायचं,
याला झिंगा म्हणतात.
समुद्र कुठूनही लांब असलेल्या या गावात
आम्ही बारा जण रांगेने झिंगे,
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.
मेश्राम सर पंख्याखाली उभे:
"कंबर, कंबर. हात नंतर."

मे महिन्यात चटया तव्यासारख्या.
कूलर आमचाच घाम आमच्यावर उडवायचा.
तो जाडजूड सदरा गच्चीवर पाऊण तासात वाळून
पापडासारखा उभा राहायचा,
आणि ऑगस्टात तीन दिवस ओलाच.
आई म्हणायची, हे कोणाचं घोंगडं आणलंस घरात?

मोमिनपुऱ्याचा मुझम्मिल बेकरीत कणिक मळायचा,
त्याने मनगट धरलं की सुटका नाही.
रमजानात भिंतीला टेकून नुसता वेळ मोजायचा.
तो शारजाला गेला.
पायलला पोलिसात नोकरी लागली, गडचिरोलीला.
एक दातांचे डॉक्टर आठवडाभर आले,
अजून रस्त्यात भेटले की म्हणतात, उद्यापासून येतो.
मी राहिले. का, ते विचारू नका.
कुठे निघून जावं असं काही सुचलं नाही,
हेही कारण असेल.

बाबांनी उमर घालवली एका पट्ट्यासाठी.
नझूलच्या जागेचा, मालकीचा.
फाइल, झेरॉक्स, साहेब दौऱ्यावर, पुढच्या महिन्यात या.
मला पाचव्या वर्षी निळा मिळाला.
घरी नेला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला,
दोन्ही टोकं चाचपली.
"शिक्का कुठाय बे याच्यावर?"

नंतर माझा गुडघा गेला, आठ महिने.
गुडघा परत आला तर बाबांची उजवी बाजू गेली,
आणि बोलणंही.
नर्स म्हणाली, कूस वळवायला दोघी लागतील.
मी एक गुडघा त्यांच्या मांडीखाली सरकवला,
एक हात खांद्यामागे,
कंबर, कंबर, हात नंतर,
आणि पंच्याऐंशी किलोचा माणूस
दारासारखा वळला.

एका रात्री माझी पकड चुकली.
खांदा कुठेतरी अडकला असावा.
त्यांनी डाव्या तळव्याने माझ्या दंडावर
थाप मारली. दोनदा.
त्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं.
मी सोडलं, तत्क्षणी,
सोडायचं असतं तसं, का ते न विचारता.
मग दोघंही बराच वेळ
छताकडे बघत पडून होतो.

आता जांभळा आहे. अकरावं वर्ष.
उजवा कान सुजून सुजून लाटीसारखा झालाय.
झुमके घालताना आई तोंड फिरवते.

बाबांचा पट्टा मार्चमध्ये आला,
ते गेल्यावर चौदा महिन्यांनी,
त्यांच्याच नावाने, शिक्क्यासकट.
कपाटात ठेवलाय. त्याच्याखाली माझे दोन.
घामाचा वास कागदाला लागू नये म्हणून
आईने मध्ये वर्तमानपत्र घातलंय.